पाणबुडी, ज्वालामुखी वगैरे

३ जून

आत्याबाईंना बेड नंबर सातवरून पडल्या पडल्या नमस्कार. उठून केला असता, पण सलाईनची नळी आडवी येते.

तू पाठवलेला दगड मिळाला. इतरांच्या आत्या आजारी भाचीला बाहुल्या पाठवतात, माझी आत्या डोंगराच्या पोटातला दगड पाठवते. सिस्टरने तो दोनदा स्पिरिटने पुसला आणि मगच मला हात लावू दिला. डॉक्टर सुई घेऊन आले की मी तो त्यांच्यावर रोखून धरते.

फोन का करत नाही म्हणून रुसू नकोस. दिवसभर तू जमिनीखाली असतेस, आणि वर आलीस की आई फोन स्पीकरवर टाकून मधेमधे हुंदके देते. पत्र बरं. बाबाला शपथ घातलीय, तो न फोडता पेटीत टाकतो.

बातमी अशी की काल इच्छाताई आल्या होत्या. त्यांचं खरं नाव वेगळंच आहे, पण आम्ही हेच ठेवलंय. त्यांची संस्था आमच्यासारख्या गंभीर आजारी मुलांची एक इच्छा पुरी करते. कितीही महाग असू दे. रक्ताचा कॅन्सर असला की असे फायदे होतात. ताई माझ्या पलंगाच्या कडेला टेकल्या, मान वाकडी केली आणि म्हणाल्या, "बाळ, तुला जगात सगळ्यात जास्त काय हवंय?" तेरा वर्षांच्या मुलीला बाळ! मी म्हटलं, "पाणबुडी."

"खेळण्यातली?"

"नाही. माणसं बसतात ती."

त्यांची मान सरळ झाली. बाबा म्हणाला, हिचं डोकं फिरलंय. आई रडली, पण आई हल्ली पंखा लावला तरी रडते.

तुझी,
कटकट

११ जून

कटकटीला जमिनीखालून आशीर्वाद.

तू मागे विचारलं होतंस, आमच्या मशीनला थोरली का म्हणतात. बोगदा खणणाऱ्या मशीनला बाईचं नाव द्यायची आमच्या धंद्यात पद्धतच आहे. नाव ठेवल्याशिवाय कोणी तिचं बटण दाबत नाही. आमची ही आडव्या अंगाची आहे, दिवसभर खाते, सतत कुरकुरते आणि तिच्यावाचून कोणाचं पान हलत नाही. म्हणून थोरली. मी तिच्या डोक्यामागे एका खुराड्यात बसून तिला हाकते आणि संध्याकाळी चिखलाने माखून वर येते. तुझी आई मला दारातच पाय धुवायला लावायची ते काही उगाच नाही.

आता पाणबुडीचं. तू आजारी आहेस म्हणून मी गोड बोलेन असं वाटत असेल तर चुकतेस. लाज नाही वाटली? लोक पोटाला चिमटा काढून त्या संस्थेला देणग्या देतात. त्या पैशांत तुमच्या मजल्यावरच्या किती पोरांची औषधं येतील? आणि खरं सांगू, मला ही कल्पनाच पटत नाही. आजारी पोराला विचारायचं काय हवं, मग आणायचं विमान नाहीतर हत्ती, आणि काढायचे फोटो. आजारी म्हाताऱ्याला कोणी विचारतं का, आजोबा, तुम्हाला काय हवंय? त्याला विचारतात, बिल कोण भरणार.

सायकल माग. गिअरची, लाल. बरी झालीस की चालवशील. इच्छाताईंचाही जीव भांड्यात पडेल.

तुझी,
आत्या

१७ जून

आत्याबाई,

मी चिडलेय, म्हणून आज नमस्कार नाही.

तुला काय माहीत? बेड नंबर चारवर पिंप होता. हे नाव त्याने स्वतःच ठेवलं होतं. औषधांनी सुजून तो तसा झाला होता. त्याने हेलिकॉप्टरमधून चक्कर मारायची इच्छा सांगितली आणि संस्थेने ती घडवून आणली. आता तू म्हणशील, केवढा खर्च! हो, केवढा तरी. त्यात फोटोवाला म्हणाला, "बाळा, अजून एकदा हस," तेव्हा पिंपचे ओठ निळे पडले होते. मला तो फोटोवाला मिळाला तर तुझा दगड वाया जाणार नाही.

पण परत आल्यावर पिंप आठवडाभर तेच सांगत होता. वरून हॉस्पिटल कसं दिसतं, गच्चीवर कोणाच्या चड्ड्या वाळत होत्या, आणि त्यातली एक नक्की हेड सिस्टरची कशी होती. आम्ही हसून हसून मेलो. ज्या औषधांचा तू हिशेब मांडतेस ती मला रोज मिळतात, आणि त्यांनी मी एकदाही हसले नाही. उलट्या मात्र पुष्कळ केल्या. तेव्हा वाया गेलं म्हणू नकोस.

मग पिंप "घरी गेला". असो.

सायकल नको. सायकल इच्छाताई दोन दिवसांत आणून उभी करतील. पाणबुडीचं त्यांनी नक्की नाही म्हणून कळवलंय, म्हणून मी आता ज्वालामुखी मागितलाय. जिवंत, अगदी काठावरून बघायचा. बेड दोनच्या पोराने डायनासोर मागितलाय आणि खिडकीजवळच्या मुलीने चंद्र. चंद्राचा तुकडा नाही, चंद्रच. इच्छाताई बिचाऱ्या बाहेर जाऊन पाणी प्यायल्या.

कटकट

२४ जून

कटकटीस,

बरं, हेलिकॉप्टरबद्दलचे माझे शब्द मागे घेते. फोटोंबद्दलचे घेत नाही, तो फोटोवाला सापडला तर मलाही कळव, आमच्याकडे दगडांचा तोटा नाही. हेड सिस्टरच्या चड्डीवर मी खुराड्यात एकटीच खो खो हसले. माती वाहणाऱ्या पट्ट्यावरच्या माणसाला वाटलं मला गॅस लागला, आणि त्याने घंटा वाजवली. तुझ्यापायी बोगदा पाच मिनिटं बंद होता.

पण ज्वालामुखी? तुझ्या बाबाशी बोलले. त्याचं वेगळंच. तो म्हणतो, हिने बर्फ बघायला जायचं म्हटलं असतं तर आम्हालाही जाता आलं असतं. म्हणजे इच्छा तुझी आणि सहल त्याची. तुझी आई म्हणते, जे मागेल ते द्या, नाही म्हणू नका, नाही म्हणवत नाही. तिघांनी मिळून त्या संस्थेच्या बाईच्या नाकी नऊ आणलेत. आजकालची पोरं मोबाईल बघून बिघडलीत असं माझं मत झालंय, आणि तुमचा वॉर्ड त्याचा पुरावा आहे.

एक मात्र डोक्यात अडकलंय. "सायकल दोन दिवसांत आणतील" हे तू तक्रारीसारखं का लिहिलंस? लोकांना वस्तू लवकर मिळाली तर आवडतं. सरळ उत्तर दे. फाटे फोडू नकोस.

आत्या

२ जुलै

आत्या,

ताप आहे म्हणून अक्षर असं. बाईंनी बघितलं असतं तर शून्य दिलं असतं.

सरळ उत्तर हवंय ना, घे. तू कोणाला सांगायचं नाहीस. आईला तर नाहीच.

आमच्या वॉर्डाचा एक नियम आहे. मोठ्यांना माहीत नाही. नवीन मूल आलं की पहिल्याच दिवशी त्याला सांगतो: इच्छाताईंनी विचारलं तर असं काही माग की ते देताच येणार नाही.

कारण मी आल्यापासून तिघांना इच्छा मिळाली. बाहुलीला मोठ्या हॉटेलात टबभर फेसात बसायचं होतं. ती सहा वर्षांची होती, तिला वाटायचं फेस खाता येतो. मास्तरला मोठी दुर्बीण हवी होती. तो सगळ्यांचं बोलणं सुधारायचा, म्हणून मास्तर. आणि पिंपचं हेलिकॉप्टर. तिघांची इच्छा पुरी झाली आणि महिन्याच्या आत तिघांचे बेड रिकामे. सकाळी उठलो तर चादर बदललेली. सिस्टरना विचारलं की म्हणतात, "घरी गेला." सगळ्यांबद्दल हेच. मी आल्यावर पहिल्या आठवड्यात एक मुलगा माझ्यासमोर गेला, अगदी समोर, मशीन वाजत होतं. सकाळी सिस्टर म्हणाली, "घरी गेला हो तो." त्या दिवसापासून घरी म्हणजे काय ते आम्हाला कळलं.

म्हणजे इच्छाताईंना डॉक्टर आधी सांगत असणार, आता ह्याचं विचारून घ्या. आणि त्यांनी इच्छा पुरी केली की खातं बंद. जोवर माझी इच्छा अडकलेली आहे तोवर मला कोणी "घरी" पाठवू शकत नाही.

मला पाणबुडी नकोच होती गं. मला पाण्याची भीती वाटते.

कटकट

१५ जुलै

आत्या,

दोन आठवडे झाले. मेलीस का काय? इथे ते काम माझं आहे, तू मधे घुसू नकोस.

संस्थेने ज्वालामुखीलाही नाही म्हटलं. इच्छाताई म्हणाल्या, त्यांच्याकडे होकार आला की नव्वद दिवसांत इच्छा पुरी करायचा नियम आहे, तेव्हा जमेल असं काहीतरी सांग. नव्वद दिवस! मी आता शनीची कडी मागणार आहे.

मी लिहिलं त्याचा राग आला का? कोणाला सांगितलंस का? लिही ना.

कटकट

२० जुलै

माझ्या कटकटीस,

राग कसला. तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं, आणि मग मला थोरली हाकता येईना. साहेबांकडून रजा घेतली आणि तडक तुमच्या गावी आले. हो, आले होते. तुझ्या पलंगाशीही आले होते. तू तोंड उघडं टाकून घोरत होतीस. सिस्टर म्हणाली, दोन दिवसांनी डोळा लागलाय, उठवलंत तर मी तुम्हाला ठोकीन. म्हणून नाही उठवलं. पण उभी राहिले बराच वेळ. तू किती बारीक झालीयेस गं.

मग मी हेड सिस्टरला गाठलं. तुझं नाव सांगितलं नाही, पण ती मूर्ख नाही. ती आधी ठणकावून म्हणाली, "पोरांना काय सांगायचं ते आम्ही बघतो." मी म्हटलं, "तुम्ही जे सांगता त्याचा त्यांनी काय अर्थ लावलाय तो ऐका." आणि ऐकवलं. ती स्टुलावर बसली ती उठेचना. म्हणाली, "एकाचं खरं सांगितलं तर सगळा वॉर्ड घाबरेल असं वाटायचं. म्हणून सगळ्यांना एकच सांगायला लागलो."

आता नीट वाच. मी स्वतः विचारून आलेय. इच्छाताईंनी आईबापांची परवानगी काढून दिली.

पिंप घरी गेला. घरी म्हणजे घरी. त्याला ताप चढला म्हणून घाईने वरच्या मजल्यावर नेलं, आणि बरा झाल्यावर तिथूनच सोडलं. मी त्याच्या घरी जाऊन आले. तो शाळेत जातो आणि मला म्हणाला, "तुम्ही खरंच उंदरासारखं बिळात राहता का?" सोबत त्याची चिठ्ठी आहे.

मास्तरही घरी आहे. त्याने माझ्या दोन वाक्यांत तीन चुका काढल्या.

बाहुली गेली. ती खरोखरच गेली, राणी. तुझ्याशी खोटं बोलणार नाही. हॉटेलातून आणलेला साबण तिच्या आईने अजून फोडलेला नाही.

आणि इच्छाताई मरणाऱ्या पोरांची यादी घेऊन हिंडत नाहीत. आजार मोठा असला की विचारतात, एवढंच. त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी एका पोराला आगगाडीच्या इंजिनात बसवलं होतं, तो आता ट्रक चालवतो आणि त्यांना लग्नाला बोलावून गेला. हे सगळं ऐकल्यावर त्या बाईने माझ्या साडीला नाक पुसलं. साडी मी आठ वर्षांनी नेसले होते.

तुझं काय होईल ते मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, औषध लागू पडतंय, पण आत्ताच काही सांगता येत नाही. त्यांनी जेवढं सांगितलं तेवढंच सांगतेय, एक शब्द वाढवला नाही.

तुझी,
आत्या

(सोबत)

ए कटकट, मी मेलेलो नाही. तू असं कसं काय ठरवलंस? निदान विचारायचं तरी. माझी निळी टोपी तुझ्या पलंगाखाली राहिलीय, ती घालून बसली असशील तर धुऊन परत कर. हेलिकॉप्टरमध्ये मी ओकलो होतो, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. पायलटच्या बुटात. — पिंप

२९ जुलै

आत्याबाईंना बेड सातवरून बसून नमस्कार. बसता येतंय.

तुझं पत्र वाचून मी आधी पिंपला शिव्या घातल्या. मग बाहुलीसाठी रडले. तिला मी म्हणाले होते, फेस खाऊ नकोस, पोट बिघडेल. खाऊ द्यायला हवा होता. तू मला खरं सांगितलंस म्हणून तुझ्यावर राग नाही. इतरांवर आहे, पण आता कमी होतोय.

हेड सिस्टरने काल सगळ्यांना गोळा केलं. म्हणाल्या, यापुढे कोणाला घरी सोडलं तर तो प्रत्येक बेडपाशी जाऊन निरोप घेईल, त्याशिवाय लिफ्ट खाली जाणार नाही. आणि कोणी गेलं तर गेलं असं सांगू. मग चष्मा पुसत बसल्या. शेवटी डायनासोरवाला म्हणाला, "म्हणजे मी आता खरं मागू का?" त्याला कुत्रा हवाय. चंद्रवालीला केस हवेत, लांब. इच्छाताई हसत होत्या की रडत होत्या ते कळत नव्हतं.

मग माझी पाळी आली. मी म्हटलं, मला विचार करू द्या. रात्रभर केला. आत्या, तू म्हणाली होतीस ना, बोगदा संपताना शेवटची भिंत फुटते आणि पलीकडचा उजेड आत येतो, आणि तुम्ही सगळे वेड्यासारखे ओरडता? मला तिथे यायचंय. थोरलीचं शेवटचं बटण मला दाबायचंय. किती महाग आहे ते सांग, तुला राग येणार असेल तर दुसरं बघते.

कटकट

१४ ऑगस्ट

कटकटी,

तू अद्दल घडवलीस मला. ऐक.

बटण दाबायला काही लागत नाही असं वाटून मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, लहान मूल आत आणायचं म्हणजे थोरली थांबवायची, सगळी माणसं थांबवायची, हवा तपासायची, वेगळी गाडी, वेगळा डॉक्टर. थोरली एक तास थांबली की किती पैसे बुडतात ते त्यांनी सांगितलं. पिंपचं हेलिकॉप्टर त्यापुढे रिक्षा आहे. मी, जी तुला औषधांचे हिशेब ऐकवत होते, तिने तो आकडा ऐकला आणि साहेबांना म्हटलं, "मग किती वाजता थांबवायची?" सगळी तत्त्वं त्यांच्या टेबलावर ठेवून आले. ती परत मागायला गेले नाही अजून.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. मग म्हणाले, "माझीही मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला विचारलं असतं तर फोन मागितला असता." एवढंच म्हणून सही केली.

पण गोम अशी की भिंत फुटायला अजून चौदा महिने आहेत, आणि संस्थेचा नियम नव्वद दिवसांचा. इच्छाताई त्यांच्या वरिष्ठांशी भांडल्या. म्हणाल्या, डोंगराला तुमचा नियम कळत नाही. शेवटी वरच्यांनीच हात टेकले. तुझी इच्छा मंजूर आहे आणि अडकलेलीही आहे.

चौदा महिने म्हणजे थोडे नाहीत. खडक कसा लागेल मला माहीत नाही. तुझं रक्त कसं वागेल तेही नाही. मी वचन देत नाही. मी फक्त खणते. तू यावंस असं मला फार वाटतं, कटकटी. पाणबुडीपेक्षाही फार.

आत्या

१९ डिसेंबर

आत्याबाईंना घरच्या पलंगावरून नमस्कार.

मधे लिहिलं नाही कारण दोनदा परत वॉर्डात जावं लागलं, आणि दुसऱ्या वेळेस पेन धरवत नव्हतं. तेव्हा आई माझ्यापाशी बसून तुझी पत्रं मोठ्याने वाचायची. न रडता. पिंपच्या चिठ्ठीतल्या बुटापाशी तर ती इतकी हसली की सिस्टर धावत आली. घरी सोडलं तेव्हा मी प्रत्येक बेडपाशी गेले, अगदी झोपलेल्यांपाशीसुद्धा. अकरा नंबरच्या नव्या पोराला दगड देऊन आले. तो सुयांना घाबरतो.

केस येतायत. दाढीसारखे. पुढची तपासणी जानेवारीत. काय निघेल माहीत नाही.

मी हे वेगळ्याच कारणासाठी लिहितेय. बाबा म्हणाला, तुमचं मशीन आठवडाभर बंद होतं? खडक कापणारे दात झिजले म्हणून? आठवडाभर? आणि काम दोन महिने मागे पडलंय म्हणे? दोन महिने तुम्ही खाली काय करत होता, पत्ते खेळत होता?

मला आधी वाटायचं, तुमचा बोगदा कधीच संपू नये. खरंच वाटायचं, पत्रात लिहिलं नाही. आता तसं नाही. मी रोज जिना दोनदा चढते, पाय थरथरले तरी चढते, कारण तू म्हणाली होतीस आत चालावं लागतं. टोपी पिंपची घालणार आहे, त्याने परवानगी दिलीय. मी इथे तयारी करून बसलेय आणि तुम्ही दात बदलताय.

थोरलीला म्हणावं, पाय उचल जरा.

तुझी,
कटकट